दगडावरचे नाव

आपल्या माघारी आपले नाव राहावे, ही इच्छा कोणाला नसते? दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी घासायला काढली की प्रत्येकीच्या काठावर कोणाचे ना कोणाचे नाव निघते. ज्यांची ती नावे, त्यांतली कितीतरी माणसे आज नाहीत. पण तांब्या पाणी देतो आहे आणि नावही सांगतो आहे. पोथ्यापुराणांनी नश्वरतेचा कितीही उपदेश केला, तरी माणूस आपले नाव कुठेतरी कोरून ठेवल्याशिवाय राहत नाही. मला यात काही गैर वाटत नाही. प्रश्न आहे तो एवढाच की, नाव मागे ठेवण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो?

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझी विद्या गेली नाही. पण ज्या जुन्नर तालुक्यात मी मुले शिकवतो, तिथला दगडच बोलका आहे. तुळजा, मानमोडी, लेण्याद्री, शिवनेरी या डोंगरांच्या कुशीत दोनशेहून अधिक लेणी आहेत. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे किल्ले उभे आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून माल घेऊन येणारे तांडे याच घाटाने देशावर चढत. घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे; जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात.

या घाटातल्या गुंफेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. तिने केलेले यज्ञ आणि दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची आकड्यांनिशी यादीच त्यात आहे. समोरच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका, राजकुमार यांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव होते. आज मूर्ती फुटून गेल्या आहेत. नावे वर आहेत, खाली कोणी नाही. मुलांना हे दाखवले की ती आधी हसतात आणि मग एकदम गप्प होतात.

गेल्या हिवाळ्यातल्या सहलीत आम्ही शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत गेलो होतो. तिथे एका मुलाने कंपासपेटीतून कर्कटक काढले आणि भिंतीवर स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर ओढायला सुरुवात केली. मी त्याचा हात धरला. त्याने शांतपणे विचारले, "गुरुजी, राणीनं नाव कोरलं तर तुम्ही आम्हाला वाचायला लावता. मग मी कोरलं तर काय बिघडलं?"

वाचकहो, प्रश्न वरवर दिसतो तितका पोरकट नाही. 'ती राणी होती' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. सत्तेमुळे जर दगडावर हक्क मिळत असेल, तर शाळेतल्या दांडगट मुलाला बाकावर नाव कोरण्याचा पहिला हक्क आहे! 'ते जुने आहे' हेही उत्तर नव्हे. दोन हजार वर्षे थांबले तर या पोराचे अक्षरही जुने होईल. आणि 'तिने पुण्यासाठी कोरले, तू हौसेसाठी कोरतोस' असे म्हणावे, तर पुण्याच्या इच्छेत नावाची हौस मुळीच नव्हती, असे कोण छातीठोकपणे सांगेल?

उत्तर मला शेवटी व्याकरणात सापडले. मास्तराला दुसरीकडे कुठे सापडणार! जुन्नरच्या लेण्यांतले दानलेख पाहा. इरिल नावाचा कोणी यवन, म्हणजे ग्रीक. तो म्हणतो, इरिलाचे दान, दोन पोढ्या. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाचे दान आहे भिक्षूंसाठी भोजनमंडप. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. मानमोडीवर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप आणि पोढी दिली. पुढे ज्या सातवाहनांनी या नहपानाचा पराभव केला, त्यांचीच नावे तिकडे नाणेघाटात आहेत. वैरी वैर करून गेले; पाण्याची टाकी डोंगरात राहिली.

या दानलेखांतले दात्याचे नाव षष्ठी विभक्तीत आहे. अमक्याचे. ते वाचले की 'काय?' असा प्रश्न आपोआप येतो आणि दगडच त्याचे उत्तर देतो. टाके, मंडप, खोल्या. भिंतीवर कर्कटकाने ओढलेले नाव मात्र प्रथमेत असते. कर्ता आहे, कर्म नाही, क्रियापदही नाही. त्यातून ते दुसऱ्याच्या कामावर ओढलेले असते. दात्याने कोरा कातळ फोडवून घेतला. आपण आयत्या भिंतीवर चरा ओढतो.

मी मुलाला हे सांगितले. त्याने कर्कटक पेटीत ठेवले आणि विचारले, "मग मी काय देऊ?" याचे उत्तर व्याकरणात नव्हते. खरे सांगायचे तर तो प्रश्न मलाही लागू होता. मी कादंबऱ्या लिहितो आणि मुखपृष्ठावर माझे नाव जरा ठसठशीत असावे, असे मला वाटतेच.

आणि ज्यांनी दिले पण नाव कोरले नाही, त्यांचे काय? हा कातळ ज्यांनी छिन्नीने पोखरला त्या पाथरवटांना आपण नावाने ओळखत नाही. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची तिथे कत्तल झाली, असे परंपरा सांगते. त्यांची नावे चौथऱ्यावर नाहीत. एका सबंध जमातीचे नाव तेवढे त्याला चिकटले आहे. आळे गावी तर चक्क एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, असे भाविक मानतात, तोच हा रेडा. त्याला कुठले आले नाव! पण माणसे आजही तिथे हात जोडतात.

शिवनेरीचेच पाहा. १६३० साली शिवाजी महाराज इथे जन्मले. पुढे किल्ला मोगलांकडे गेला आणि प्रयत्न करूनही महाराजांच्या हयातीत तो स्वराज्यात आला नाही. ज्या गडावर त्यांची सत्ता एक दिवस चालली नाही, तो गड आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यासाठी त्यांना तिथे एक अक्षरही कोरावे लागले नाही.

गावच्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचे नाव असते. त्याला आपण हसतो. मी आता हसत नाही. पंखा सुरू झाला की नाव दिसेनासे होते आणि वारा सगळ्यांना लागतो. नावाची हौस अशी फिटत असेल तर खुशाल फिटावी.

या सुटीत मुलाबाळांना घेऊन जुन्नरला या. गड चढा, लेणी पाहा, टाक्यांतले पाणी पाहा. भिंतीवरची नावे मुलांना दाखवा, नवी आणि जुनी दोन्ही. प्रत्येक नावापाशी त्यांना एकच प्रश्न विचारा : याचे काय? पण एक सावधगिरी बाळगा. मुले तोच प्रश्न उलटून तुम्हाला विचारतील.