बी येथेच पेरा

शास्त्रवाचन : यिर्मया २९:१-१४, २ तीमथ्य १:३-५



बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यिर्मयाने परमेश्वराचे पत्र पाठविले. त्यात मळे लावून त्यांचे उत्पन्न खाण्याची आज्ञा होती. हे ऐकून त्या लोकांना नवल वाटले असेल. हनन्याने यरुशलेमेत दोन वर्षांचीच मुदत सांगितली होती (यिर्मया २८:३), आणि लोकांना हवे तेच सांगणारे संदेष्टे बाबेलातही होते. ज्याला लवकरच परतायचे आहे, तो वाफे कशाला करील? परंतु देवाने ठरविलेला काळ सत्तर वर्षांचा होता. तोवर एक संपूर्ण पिढी त्या परक्या मातीतच वाढणार होती.

आज आपली अनेक कुटुंबे नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहतात. बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळी आहे. टिपू सुलतानाचे हे जन्मस्थान पूर्वी चकोत्र्याच्या बागांसाठी ओळखले जाई. २००८ साली तेथे विमानतळ सुरू झाला आणि आसपास नवी वस्ती वाढली. तेथील तांबड्या मातीच्या परसात कोणी पार्सनिपचे बी पेरू लागला, तर त्याला काय शिकावे लागेल, याचा आपण विचार करू या. पार्सनिप हे गाजराच्या कुळातील, पांढरट रंगाचे, थंड देशांतले कंदमूळ आहे.

पहिली गोष्ट अशी की, हे बी फार काळ टिकत नाही. मागच्या वर्षीची पुडी पेरली तर पुष्कळदा वाफा रिकामाच राहतो. “मुले मोठी झाली, गावी परतलो, की शब्बाथशाळेत घालू,” असे म्हणणाऱ्या आईबापांनी हे ध्यानी घ्यावे. सात वर्षांचे मूल पाहता पाहता सतरा वर्षांचे होते. पुडी कपाटात सुरक्षित आहे असे आपल्याला वाटत असते. बियांतील जीव मात्र ओसरत असतो.

दुसरी गोष्ट, पार्सनिपचे रोप उपटून दुसरीकडे लावता येत नाही. त्याचे सोटमूळ दुखावले की कंद वेडावाकडा होतो. म्हणून जेथे वाढावयाचे तेथेच बी पेरावे लागते. माती हातभर खोल भुसभुशीत करावी, खडे वेचून काढावेत आणि ताजे शेण घालू नये. नाहीतर मुळाला फाटे फुटतात. मूल आज जेथे राहते तेच त्याचे शेत आहे. तीमथ्य लुस्त्रात वाढला. त्याचा बाप हेल्लेणी होता आणि यरुशलेम दूर होते. तरीही लोईस आजीने व युनीके आईने वाट पाहिली नाही. बालपणापासूनच त्याला पवित्र शास्त्राची ओळख झाली.

तिसरी गोष्ट धीराची. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, पण पार्सनिपला दोन ते चार आठवडे लागतात. बी जेमतेम बोटाच्या पेराएवढे खोल असते. देवनहळ्ळीच्या उन्हात वरची माती लवकर सुकते, म्हणून ओले गोणपाट अंथरून ओल राखावी लागते. पंधराव्या दिवशी काहीच दिसत नाही आणि माती उकरून पाहण्याचा मोह होतो. उकरलेले बी मात्र रुजत नाही. जाणते माळी त्याच ओळीत थोडा मुळा पेरतात, म्हणजे ओळ कोठे आहे हे कळते. घरातील सायंप्रार्थना ही अशीच ओळीची खूण आहे. मुलाच्या मनात काय चालले आहे ते दिसत नसले, तरी येथे पेरले आहे आणि येथे पाणी द्यायचे आहे, हे ती आपल्याला विसरू देत नाही. बी कसे वाढते हे पेरणाऱ्याला कळत नाही, असे प्रभूने मार्काच्या चौथ्या अध्यायातील दाखल्यात सांगितले आहे. याकोबही शेतकऱ्याच्या धीराकडे बोट दाखवितो (याकोब ५:७).

एक उणीवही मान्य केली पाहिजे. थंडीत पार्सनिपमधील पिष्टाची साखर होते आणि हिम पडल्यावर ते अधिक गोड लागते. देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असली, तरी तेथे हिम पडत नाही. तेथील कंद कदाचित तितका गोड होणार नाही, पण तो अन्न आहे आणि घरच्यांचे पोट भरतो. त्याचप्रमाणे कानडी किंवा इंग्रजी उपासनेत टिळकांच्या भजनांची गोडी मिळणार नाही. तेवढ्यासाठी मुलांना उपाशी ठेवावे काय? भजने घरी गावीत, आणि जवळच्या मंडळीत कुटुंबासह जावे. ज्या नगरात देवाने ठेवले, त्याच्या हितासाठी प्रार्थना करण्याची आज्ञा त्याच पत्रात आहे.

प्रियजनहो, परतण्याचा दिवस देवाच्या हाती आहे, पेरण्याचा दिवस मात्र त्याने आपल्या हाती दिला आहे. आज सायंकाळी मुलांना जवळ घ्या, शास्त्र उघडा आणि एक उतारा वाचा. उद्या पुन्हा वाचा. वाढविणारा देव आहे. तो आपल्या घरांतील हे कोवळे वाफे राखो. आमेन.