उपटू का ठेवू?

मोशीच्या पुढे, इंद्रायणीच्या काठाला एका कुटुंबाची थोडी पड जमीन होती. घाणेरी अशी माजलेली, की घरातून नदी दिसेना. नातू चाकणला कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी त्याने जेसीबी सांगून ठेवला.

"आजी, दोन तासांत सगळं साफ. मग नर्सरीतून झाडं आणून लावू."

"सगळं म्हणजे काय काय, ते आधी आत जाऊन बघून ये."

तो अंगभर ओरखडे घेऊन परतला. "घाणेरीच आहे नुसती."

आजीने कोयता-कुदळ घेतली. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. म्हणून दोन-तीन बोटं माती उकरून तिने मूळ खालीच तोडलं आणि झुडूप उलटं करून ठेवलं, मुळाला माती लागू नये म्हणून. त्याखाली एक वाकडी काठी उभी होती. नातू मघाशी तिच्याच बाजूने गेला होता. आजीने नखाने साल खरवडली. आत हिरवं. शेंड्याचं पान चुरडून तिने त्याच्या नाकाशी धरलं.

"जांभूळ!" तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत करंज सापडले, एक उंबर सापडला, अगदी पाण्यालगत वाळुंज. जेसीबीला नको म्हणून फोन गेला. आपल्या पट्ट्यात नदीकाठ साफ करायचा म्हटलं, की यंत्राच्या एका फेरीत असा किती वाळुंज जातो, हे कुणी मोजतही नाही.

"ही लावली कुणी?"

"करंजाच्या शेंगा नदीने आणल्या. जांभूळ, उंबर पाखरांनी. आणि घाणेरीसुद्धा त्याच पाखरांनी."

घाणेरी मूळची अमेरिकेतली, बागेच्या शोभेसाठी इंग्रजांच्या काळात इथे आली. पाखरांना त्याचं काय? फळ गोड लागलं की झालं.

पुढच्या पावसात मोकळ्या जागेत घाणेरीची रोपं दाट उगवली. नातू वैतागला. "एवढं करून पुन्हा तेच!"

"तुझ्या कंपनीतलं मशीन एकदा पुसलं की वर्षभर चालतं का रे?"

तेव्हापासून दर सुट्टीला तो तण उपटायला बसू लागला. एकदा एका रोपाशी त्याचा हात थांबला. पान रुंद, खरबरीत; पण घाणेरीचा वास नाही. एक पान खुडून तो घरी आला.

"आजी, हे उपटू का ठेवू?"

आजीने पान उजेडात धरलं. "भोकर आहे. याचं लोणचं घालतात. भोवती काटे लाव, शेळ्या खातील."