देऊळ वाकडं नाही, तुझा कॅमेरा वाकडा आहे

वेरूळचे तुझे सगळे फोटो पाहिले. सोबतची चिठ्ठीही वाचली. 'सर, आणखी वाइड लेन्स असती तर अख्खा कैलास बसला असता. हप्त्यावर घेऊ का?'

घ्यायची नाही. का नाही ते एकदाच सांगतो, कान उघडे ठेवून ऐक.

दारासमोरच्या गजलक्ष्मीच्या शिल्पाला वळसा घालून तू डावीकडच्या अंगणात गेलास, हत्तीपाशी उभा राहिलास आणि कॅमेऱ्याचं नाक आभाळाकडे केलंस. झालं. ध्वजस्तंभ मागे कललेला, शिखर पाठीवर पडायच्या बेतात, दोन्ही बाजूंचे कडे वर जाऊन एकमेकांना भिडू पाहताहेत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तुझ्या फोटोत तर अंगणाबरोबर देऊळही वाकडं झालंय. सेन्सर भिंतीला समांतर नसला की उभ्या रेषा एकत्र येणारच. लेन्स जितकी वाइड, तितकं ते जास्त खुपतं. म्हणजे जी लेन्स तू कर्ज काढून आणणार होतास, तिने हाच दोष आणखी मोठा करून दाखवला असता.

अंगण सुमारे ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद, त्यात मधोमध ३० मीटरच्या आसपास उंचीचं देऊळ. मागे सरकायला जागा कमी, हे कबूल. मग कॅमेरा उभा धरायचा, पातळीत ठेवायचा, खाली नको तेवढी जमीन आली तर येऊ द्यायची आणि घरी कापायची. नाहीतर चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून घ्यायचं, म्हणजे रेषा संगणकावर सरळ करताना कळस कापला जात नाही. याच कामासाठी शिफ्ट लेन्स असते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी निकॉनने ती १९६२ साली आणली. इमारतींची कामं घेऊन पोट भरायला लागलास की जरूर घे. आज नको.

आणि बाजूच्या डोंगरावर चढणारी वाट का सोडलीस? देऊळ वरून खाली कोरत आणलंय हे तुला पाठ आहे, परीक्षेत लिहिशीलही, पण वर जाऊन पाहायचे कष्ट नकोत. वर गेलं की शिखर नजरेच्या पातळीला येतं, कॅमेरा जवळजवळ सरळ धरता येतो. सभामंडपाच्या छपरावर कोरलेलं कमळ आणि त्यावरचे सिंह दिसतात, जे खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसतच नाहीत. तिथे तुझी १८-५५ची लेन्स पुरून उरते.

आता आकडे. फाइलमध्ये सगळं नोंदलेलं असतं, त्यामुळे माझ्यापुढे थापा चालायच्या नाहीत. वेळ सकाळी साडेदहा, १८ मिलिमीटर, एफ २२, शटर १/१५, आयएसओ १००, हातात धरून. एफ २२ कशाला? 'सगळं शार्प यावं म्हणून.' अरे, तुझ्या सेन्सरवर १८ मिलिमीटरला एफ ८ ठेवून दोन मीटरवर फोकस केला, तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ २२ला छिद्र इतकं बारीक होतं की प्रकाश कडांवर पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. एफ ८ला तीन स्टॉप उजेड जास्त मिळाला असता, शटर १/१२५ आलं असतं आणि हात हलल्याचा दोषही गेला असता. एका चाकाने दोन दोष मिटत होते, आणि तू दुकानाच्या पायऱ्या चढायला निघालास!

पोलरायझरबद्दल तर बोलायलाच नको. दहा क्रमांकाच्या अंधाऱ्या लेण्यातही तो लेन्सवर तसाच. दीड-दोन स्टॉप उजेड खाणारी ती काच आत काय कामाची? बाहेरच्या फोटोंत आभाळ एका कोपऱ्यात निळंशार, दुसऱ्यात फटफटीत, कारण सूर्यापासून नव्वद अंशांवर त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि वाइड लेन्समध्ये तेवढाच पट्टा उठून दिसतो. अॅन्सेल अॅडम्सने १९२७ साली हाफ डोमचा कडा टिपताना आधी पिवळा फिल्टर लावला. आपल्याला हवं ते आभाळ यात येणार नाही हे ओळखून मग गडद लाल लावून उरलेल्या शेवटच्या काचेच्या प्लेटवर फोटो घेतला. कोणता फिल्टर काय करेल हे त्याला प्लेट उघडण्याआधी ठाऊक होतं. तू फिल्टर गंडा बांधल्यासारखा बांधून ठेवलायस.

वेरूळबरोबर पाठवलेले कोकणकड्याचे फोटो तर हललेत, त्याला वारा जबाबदार म्हणे. बॉडीवर पैसे उधळलेस आणि ट्रायपॉड घेतलास सगळ्यात स्वस्त. तोही कसा लावलास, तर मधला दांडा पूर्ण वर काढून. आधी पायांचे वरचे जाड भाग उघडायचे, मधला दांडा अगदीच गरज पडली तर. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर सुरू. पुढची खरेदी करायचीच असेल तर चांगला ट्रायपॉड घे. आणि पावसाळ्यात लेन्स बंद बॅगेत कोंडून ठेवू नकोस. काचेला बुरशी लागली की रडत माझ्याकडे यायचं नाही.

मेजर रॉबर्ट गिलच्या लेण्यांच्या ७४ फोटोंचं पुस्तक १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह निघालं. त्याच्याकडे ना ऑटोफोकस, ना मीटर, ना वाढवता येणारा आयएसओ. उजेड कधी कुठे पडतो, हे मात्र त्याला बघावंच लागत होतं. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो आणि दर्शनी बाजू सावलीत. ऊन आत शिरतं ते दुपारनंतर. तू साडेबारालाच जेवायला पळालास.

पुन्हा जा. तीच बॉडी, तीच लेन्स. दुपारी तीनच्या आत पोच आणि दरवाजे बंद होईपर्यंत हलू नकोस. ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढ. मंगळवारी जाऊ नकोस, वेरूळ त्या दिवशी बंद असतं.