तिष्ठणे आणि वाट पाहणे

मराठीत प्रतीक्षेसाठी एकच शब्द नाही. वाट पाहणे, तिष्ठणे, ताटकळणे, खोळंबणे ही क्रियापदे व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास योजली जातात; परंतु त्यांच्या पोटात निरनिराळ्या अवस्था दडलेल्या आहेत. जो वाट पाहतो त्याच्यापुढे निदान एक वाट असते, आणि तिच्या टोकाशी कोणीतरी दिसण्याची शक्यता असते. जो तिष्ठतो तो नुसता उभा असतो. त्याला बसा असे कोणी म्हटलेले नसते. ताटकळणाऱ्याचे पाय दुखू लागलेले असतात. ज्याचा खोळंबा होतो त्याचे काम दुसरीकडे अडून पडलेले असते. धीर हा सद्गुण मानून त्याची थोरवी गाणाऱ्या नीतिविचाराने हा भेद पुरेसा लक्षात घेतला आहे असे दिसत नाही. धीर धरणाऱ्याच्या मनाकडे त्याने पाहिले. धीर धरायला लावणाऱ्याकडे मात्र क्वचितच पाहिले.

छत्तीसगडातील भिलाईच्या खुर्सीपार या वस्तीत हा प्रश्न अगदी साध्या, रोजच्या रूपात भेटतो. पोलाद कारखान्याच्या सावलीत, ग्रेट ईस्टर्न रोडच्या कडेला वाढलेली ही कामगारांची वस्ती आहे. ओडिशा, आंध्र, बिहार, विदर्भ आणि खुद्द छत्तीसगडची खेडी अशा अनेक ठिकाणांहून आलेल्या माणसांची तिथे सरमिसळ झालेली आहे. येथील मराठी माणसाला हा मुलूख पूर्णपणे परका वाटत नाही. भोसल्यांच्या काळापासून नागपूरशी त्याचे नाते आहे आणि १९५६ पर्यंत दुर्ग आणि रायपूर यांची राजधानी नागपूर हीच होती. अशा वस्तीत ज्याच्या फोनमध्ये भारत संचार निगमचे सिमकार्ड आहे, त्याला गेली काही वर्षे एकच वाक्य ऐकावे लागले: जाळ्याचे अद्ययावतीकरण चालू आहे, कृपया सहकार्य करावे.

या वाक्यामागचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून त्याचे नैतिक वजन कळणार नाही. खाजगी क्षेत्रातील रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी देशभर फोर-जी सेवा सुरू केली. भारत संचार निगमचे स्वदेशी फोर-जी जाळे राष्ट्राला अर्पण झाले ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी, ओडिशातील झारसुगुडा येथे. सुमारे ९७,५०० टॉवर आणि सुमारे ३७ हजार कोटी रुपये खर्च असे त्याचे आकारमान सांगण्यात आले. या दोन तारखांमध्ये नऊ वर्षे आहेत. ती निव्वळ आळसात गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने पुनरुज्जीवनाची पहिली मोठी योजना मंजूर केली. २०२० च्या मार्चमध्ये यंत्रसामग्रीसाठी निविदा निघाली. परंतु गलवानच्या संघर्षानंतर, जुलैमध्ये, ती रद्द झाली आणि परकीय कंपन्यांची यंत्रे घेण्याऐवजी देशातच संपूर्ण तंत्र उभारायचे ठरले. दरम्यान ३१ जानेवारी २०२० रोजी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले होते. कोणती केबल कोणत्या गल्लीत पुरली आहे हे ज्यांना कागद न पाहता ठाऊक होते, अशी माणसे त्यांच्यात असणारच.

अद्ययावतीकरणाचा स्वभावही समजून घ्यायला हवा. टॉवरवर नवी उपकरणे चढवली की सेवा आपोआप सुधारते, ही समजूत अपुरी आहे. वापरता येणाऱ्या लहरी मर्यादित असतात. जुन्या तंत्राकडच्या लहरी काढून नव्या तंत्राला दिल्या की जुने हँडसेट बाळगणारे अधिक दाटीत सापडतात. टॉवरपर्यंत येणारी तार जुनीच राहिली तर वरचे नवे यंत्र हात बांधल्यासारखे होते. म्हणजे मधली अवस्था ही अनेकदा जुन्याहून आणि नव्याहून, दोन्हींहून वाईट असते. आणि तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याने नवा फोन घेतला तो लवकर सुटतो. ज्याच्याकडे बटणांचा जुना फोन आहे तो शेवटपर्यंत अडकून राहतो.

खुर्सीपारातील कंत्राटी कामगाराचा विचार करावा. उद्या कोणत्या पाळीला जायचे याचा निरोप मुकादम रात्री किंवा पहाटे फोनवरून देतो. तो निरोप पोचला नाही तर दुसऱ्याच कोणाला बोलावले जाते आणि एका दिवसाची मजुरी जाते. बँकेतून पैसे काढताना येणारा गुप्त क्रमांक दहा मिनिटांनी आला तर तो निरुपयोगी झालेला असतो. ‘रेंज नाही’ या दोन शब्दांत सुखवस्तू माणसाला किरकोळ वैताग ऐकू येतो. याच दोन शब्दांत दुसऱ्या कोणाची चूल असते. सहकार्य करण्याचे आवाहन मात्र दोघांना एकाच भाषेत केले जाते.

धीराविषयी परंपरेने जे सांगितले आहे त्यात या प्रसंगी उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे. मनुस्मृतीने धर्माची दहा लक्षणे सांगताना धृतीला पहिले स्थान दिले, याचा उल्लेख नेहमी होतो. त्या मानाने गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे दुर्लक्ष होते. तेथे धृतीचे सरसकट गुणगान केलेले नाही. तिचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद केले आहेत. तामस धृती म्हणजे झोप, भय, शोक आणि विषाद यांना न सोडण्याची चिकाटी. म्हणजे धीर हाही तामसी असू शकतो, जडपणाच सद्गुणाचा वेश घेऊन वावरू शकतो, हे गीताकाराने मान्य केले आहे. ॲरिस्टॉटलही निकोमॅकसच्या नीतिशास्त्रात दुसऱ्या बाजूने याच जागी येतो. ज्या गोष्टींचा राग यायला हवा त्यांचा राग ज्याला येत नाही, तो त्याच्या लेखी सौम्य ठरत नाही, बुद्धिमंद ठरतो. सौम्यता असते ती योग्य गोष्टीवर, योग्य माणसावर, योग्य प्रमाणात आणि योग्य वेळी रागावण्यात.

‘योग्य माणसावर’ हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. ग्राहकाचा संताप ज्याच्यावर कोसळतो तो बहुधा खिडकीमागे बसलेला कनिष्ठ कर्मचारी असतो, किंवा शिडी घेऊन खांबावर चढणारा कंत्राटी माणूस. निविदा त्याने रद्द केलेली नसते, लहरींचे वाटप त्याच्या हातात नसते. त्याच्याशी धीराने वागणे हे सौजन्य नव्हे, न्यायच आहे. परंतु त्याच्याशी धीराने वागणे आणि व्यवस्थेशी धीराने वागणे या दोन गोष्टी एकच आहेत, असा भास निर्माण करण्यात व्यवस्थेचा मोठा लाभ असतो. खिडकीमागचा माणूस तिच्या दृष्टीने ढालीचे काम करतो. सभ्य ग्राहक त्याच्याकडे पाहून गप्प बसतो. असभ्य ग्राहक त्याच्यावर ओरडून मोकळा होतो. दोन्ही रीतींनी प्रश्न जिथला तिथेच राहतो.

भिलाईत तर धीर हा शब्द निरुपद्रवी राहिलेलाच नाही. सोव्हिएत सहकार्याने हा कारखाना उभारण्याचा करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्यांनी ती चार वर्षे उन्हातान्हात काढली त्यांच्या प्रतीक्षेला एक दृश्य आकार होता; भट्टी दररोज वर चढताना दिसत होती. ते खऱ्या अर्थाने वाट पाहणे होते. उलट, याच नगरीत खाजगी कारखान्यांतले कामगार जगण्याजोगे वेतन आणि कायम नोकरी मागत राहिले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेत असताना हत्या झाली, आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकाच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कितीतरी माणसे मेली. फोनची रेंज आणि त्या रुळांवरचे मरण यांची तुलना करणे अशोभनीय होईल, आणि येथे तसा हेतूही नाही. परंतु ज्या गावाने धीर संपलेल्या माणसांचे काय होते हे पाहिले आहे, त्या गावाला धीर धरण्याचा उपदेश करताना जरा जपून बोलावे, एवढे तरी मान्य व्हावे.

जाता जाता आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. भिलाईच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर राजनांदगाव आहे. मातृभाषा मराठी असलेले, परंतु हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तेथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. १९६४ साली ते गेले. स्वतःचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह छापून हातात आलेला त्यांना पाहता आला नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या या विलंबाला त्यांचा धीर म्हणून गौरवण्याची रीत आपल्याकडे आहे. वस्तुतः त्यांच्या लेखनात धीर फारसा नाही, अस्वस्थता आहे. आणि ती अस्वस्थता हेच त्या लेखनाचे नैतिक सामर्थ्य आहे.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो दुबळा नाही. ग्राहकांना दुसरीकडे जाण्याची मोकळीक आहे. मग धीराचा प्रश्न येतोच कुठे? क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली आहे. ज्याला थांबायचे नाही त्याने जावे. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात नेमक्या याच समजुतीची चिकित्सा केली. नायजेरियात मालमोटारींची स्पर्धा समोर असतानाही रेल्वे का सुधारत नाही, असा प्रश्न त्यांना पडला होता. उत्तर अनपेक्षित निघाले. जे ग्राहक खरोखर आवाज उठवू शकले असते तेच आधी मालमोटारींकडे निघून गेले. मागे राहिले त्यांच्या आवाजाला वजन नव्हते आणि सरकारी तिजोरीच्या आधारामुळे गेलेल्यांची झळही रेल्वेला लागत नव्हती. निघून जाण्याची मोकळीक ही अशा रीतीने मागे राहिलेल्यांचे मौन अधिक गडद करू शकते.

भारत संचार निगमच्या बाबतीत हे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. २०२४ च्या जुलैत खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा लाखो ग्राहक उलट दिशेने, सरकारी कंपनीकडे आले. वर्षाच्या अखेरीस ही भरती ओसरू लागली. म्हणजे स्वस्ताई खेचून आणते आणि सेवा ढकलून देते. जो या दोन्हींमध्ये टिकून राहतो त्याला निष्ठावंत म्हणावे की निरुपाय? पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार जेव्हा सरकारी सिमकार्ड सोडत नाही, तेव्हा त्यात थोडी निष्ठा असते. सार्वजनिक क्षेत्राने त्याला घर, इस्पितळ आणि मुलांची शाळा दिलेली असते. त्या निष्ठेला हसणे सोपे आहे. पण स्वदेशी तंत्र उभे राहीपर्यंत निगम जिवंत राहिला याचे काही श्रेय अशा न सोडणाऱ्यांनाही आहे. त्यांनी एक प्रकारचे भांडवल पुरवले. त्याची पावती कोणी दिली नाही. मुख्य म्हणजे, ते पुरवणार का, असे त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

खरा पेच इथे आहे. मागून घेतलेला त्याग आणि न विचारता वसूल केलेला त्याग बाहेरून सारखेच दिसतात. पंढरीची कथा याबाबतीत मोठी सूचक आहे. दाराशी आलेल्या देवाला पुंडलिकाने थांबायला सांगितले. परंतु थांबवण्याचे कारण देवाला डोळ्यांसमोर दिसत होते: आईबापांची सेवा चालू होती. शिवाय पुंडलिकाने उभे राहायला वीट दिली. चिखलात तिष्ठत ठेवले नाही. थांबायला लावणाऱ्यावर दोन ऋणे असतात, असा या कथेचा एक अर्थ लावता येतो. कारण उघड सांगणे हे एक, आणि थांबण्यासाठी पायाखाली काही देणे हे दुसरे. कारखान्यात झोतभट्टीच्या आतल्या अग्निविटा बदलण्यासाठी ती बंद ठेवावी लागते तेव्हा कामगाराला बंद होण्याची आणि पुन्हा पेटण्याची तारीख सांगितली जाते. तारीख चुकते, २०१८ साली राष्ट्राला अर्पण झालेल्या भिलाईच्या विस्तारालाही ठरल्याहून पुष्कळ अधिक काळ लागला. पण चुकलेल्या तारखेचा जाब विचारता येतो. ‘लवकरच’ या शब्दाचा विचारता येत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सेवेच्या गुणवत्तेविषयी केलेले नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांनी या ऋणाची थोडीशी दखल घेतली आहे. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद पडली तर मासिक बिल भरणाऱ्यांना सूट आणि आगाऊ पैसे भरणाऱ्यांना मुदतवाढ द्यावी, असे त्यांत ठरले. तत्त्व स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. गेलेला वेळ हाही हिशेबाचा विषय आहे हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मानले गेले. परंतु माप जिल्ह्याचे आहे. एका वस्तीतला एक टॉवर दररोज संध्याकाळी तासभर मान टाकतो, महिनाभर टाकतो, तेव्हा तो या मापाच्या चाळणीतून सरळ खाली पडतो. दुर्ग जिल्हा चालू असतो. खुर्सीपारातली एक गल्ली मुकी असते.

त्या गल्लीने स्वतःपुरता तोडगा काढलेला आहे. फोनमध्ये सिमकार्डांच्या दोन जागा असतात. पहिल्यात जुने सरकारी कार्ड ठेवायचे, कारण तो क्रमांक निवृत्तिवेतनाच्या कागदावर, बँकेत, शिधापत्रिकेवर आणि गावाकडच्या भावाच्या वहीत लिहिलेला आहे. दुसऱ्यात खाजगी कंपनीचे, तेही सर्वांत स्वस्त योजनेचे. हे पूर्ण जाणे नव्हे आणि पूर्ण राहणेही नव्हे. हर्शमन यांच्या मांडणीत या माणसाला नीटशी जागा सापडत नाही: तो गेला नाही म्हणून कोणत्याही आकडेवारीत त्याचे जाणे दिसत नाही, आणि त्याचे काम भागते म्हणून तो तक्रारही करीत नाही. दोन्ही कंपन्यांच्या वह्यांत तो समाधानी ग्राहक म्हणून जमा आहे. सरकारी कार्डाची मुदत संपत आली की तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात जातो, पुढच्या मुदतीचे पैसे भरतो, आणि फोन वर धरून एकदा पडद्यावरच्या रेघा मोजून पाहतो.