सेवा कोठून सुरू होते?

काशीत दक्षिणेकडून घाटांवरून चालत निघाले की नारद घाटाच्या पुढे राजा घाट लागतो. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. मराठी यात्रेकरू बहुधा न थांबता दशाश्वमेधाकडे निघून जातात.

अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले तेव्हा काही काळ राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्रजांशी समेट केला, पेशवाईवरचा हक्क सोडला आणि वार्षिक सात लाखांची नेमणूक घेऊन उत्तरेत आले. घाटाचे दगड त्या पैशाचे. सत्ता सोडून मिळालेले धन गंगेकाठी लागले. ते पुण्य म्हणावे की पराभवाची किंमत?

हाच प्रश्न आजच्या एका मराठी माणसाकडे पाहताना उलट्या बाजूने पडतो. श्री ठाणेदार यांचा जन्म १९५५ साली चिकोडीचा, वाढले बेळगावात, बेताच्या परिस्थितीत. मुंबईत रसायनशास्त्राचे शिक्षण, भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी आणि १९७९ मध्ये अमेरिका. तेथे डॉक्टरेट मिळवली, नोकरी केली, मग रासायनिक चाचण्या करणारी एक छोटी प्रयोगशाळा विकत घेऊन ती वाढवली. मंदीत कर्जाच्या ओझ्याखाली सारे गेले. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी मिशिगनमध्ये पुन्हा प्रयोगशाळा उभी केली, २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला आणि आलेल्या रकमेतला वाटा कर्मचाऱ्यांना दिला.

येथे थांबले असते तर आपण त्यांना निःशंकपणे दाते म्हटले असते. पण २०१८ मध्ये ते मिशिगनच्या राज्यपालपदासाठी उभे राहिले, पदरचे सुमारे एक कोटी डॉलर खर्च केले आणि पक्षांतर्गत निवडणुकीत तिसरे आले. एवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या, असे मनात येतेच. त्यावर उत्तरही आहे. जो स्वतःचा पैसा घालतो तो इतरांच्या थैलीचा मिंधा राहत नाही. मात्र ज्याच्याजवळ थैलीच नाही, त्याच्या सेवाभावाला मग दार कोणते? हा आक्षेप मला अजून सुटलेला नाही.

मला त्यानंतरचे पाऊल अधिक विचार करण्याजोगे वाटते. हरल्यावर ते डेट्रॉइट शहरात राहायला गेले आणि पूर्वीपेक्षा कितीतरी लहान पदासाठी, राज्य विधानसभेच्या एका जागेसाठी, २०२० मध्ये निवडून आले. राज्य मागणारा एका मतदारसंघाच्या दारोदार फिरला. यात अहंकार गळला, की शिडीची खालची पायरी धरली? बाहेरून सांगता येत नाही. २०२२ मध्ये ते अमेरिकी संसदेत निवडून आले, तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटला १९५५ पासून प्रथमच कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. अनेकांना ती खंत वाटली आणि ती खोटी नव्हती. एकाची सेवेची संधी कधी दुसऱ्याच्या आवाजाची जागा घेते. निवडणूक कायदेशीर आहे, एवढ्याने हे संपत नाही. अशा जागी बसणाऱ्याने दुसऱ्याच्या घरी पाहुणा असल्यासारखे वागावे, आधी ऐकावे, मग बोलावे. २०२४ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा पाठवले.

गीतेतील लोकसंग्रहाचा विचार करताना आपण हेतूवर फार भर देतो, आणि तो द्यायलाच हवा. पण आपला हेतू आपल्यालाही एका दिवसात कळत नाही. माणूस नावासाठी आत शिरतो आणि काम त्याला बदलते. कधी सेवेसाठी शिरतो आणि खुर्ची त्याला बदलते. अमृतरावांच्या मनात काय होते ते १८२४ मध्ये त्यांच्याबरोबर गेले. पायऱ्या मात्र राहिल्या. पावसाळ्यात त्या पाण्याखाली जातात, गंगा उतरली की गाळ धुऊन काढावा लागतो, आणि ते काम दरवर्षी कोणीतरी करतो.