पेंद्याचा अधिकार

माझ्या भाचीने गेल्या उन्हाळ्यात एक दोनशेपानी वही लिहून भरली. हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेची गोष्ट जेथे संपते, तेथून तिने ती पुढे चालवली होती आणि त्या शाळेत जुन्नरची एक मुलगी नेऊन बसवली होती. वही माझ्या हाती देताना तिने विचारले, "मामा, ही चोरी तर नव्हे ना?"

कायद्याचे उत्तर सोपे होते. लेखिका हयात आहे, पात्रे तिची आहेत, तिच्या परवानगीवाचून वही छापून विकता येणार नाही. पण मुलीने कायदा विचारलाच नव्हता. दुसऱ्याच्या लाडक्या गोष्टीत आपले माणूस नेऊन बसवण्याचा आपल्याला काय अधिकार, हे तिला हवे होते. तेव्हा मी वेळ मारून नेली.

पुढे उत्तर शोधताना मला नारायणगाव आठवले. मीनेकाठचे हे गाव तमाशाचे माहेरघर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. त्या २००२ साली गेल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी ठरवायला येतात. मग जुन्नर-आंबेगावच्या जत्रांतून रात्री ढोलकी घुमू लागते. आधी गण, मग गौळण, मग वग. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी असतात, वाट अडवून दान मागणारा कृष्ण असतो, पुरुषाने लुगडे नेसून उभी केलेली ठसकेबाज मावशी असते आणि कृष्णामागून लंगडत येणारा पेंद्या असतो.

हा पेंद्या आला कोठून? भागवताच्या दशमस्कंधात श्रीदामा आहे, सुबल आहे, स्तोककृष्ण आहे; पेंद्या नाही. मावशी तर नाहीच नाही. संतांच्या रचनांतून पेंद्या मराठी मुलखात रुळला आणि तमाशातल्या सोंगाड्याने त्याला अंगात घेतले. पण जत्रेत कोणी उठून "हा भागवतात नाही, याला खाली उतरवा" असे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

मला वाटते, पेंद्या कृष्णाची जागा मागत नाही, यातच त्याचा अधिकार आहे. तो कालियाचे मर्दन करीत नाही, गोवर्धन उचलीत नाही. त्या थोर कथेत आपल्यासारखा अधू, बावळा माणूस कोठे बसला असता, एवढेच तो दाखवतो. त्याला रंगमंचावर आणणाऱ्या महार-मांग कलावंतांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पायरी चढता आली नाही. देऊळ बंद होते, पण गोष्टीला दार नव्हते. पेंद्याच्या पायांनी ते गोकुळात शिरले आणि काल्यात आपली शिदोरी कृष्णाच्या शिदोरीत मिसळून मोकळे झाले. याला चोरी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पण पेंद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच्या लंगड्या पायावर आणि बोबड्या बोलण्यावर तंबूत हशा पिकतो. मीही पोट धरून हसलो आहे. ज्याला प्रेमाने गोष्टीत आणले, त्याच्याच व्यंगाचे आपण खेळणे करतो. म्हणजे नवे पात्र घडवणाऱ्याच्या माथी दोन ऋणे येतात. एक मूळ गोष्टीचे, ज्याची आठवण सगळेच करून देतात. दुसरे त्या नव्या पात्राचे. त्याच्या वतीने बोलायला कोणी नसते. मला हे दुसरे ऋण अधिक जड वाटते. मूळ लेखक आपली बाजू मांडू शकतो, पेंद्या ती मांडू शकत नाही.

हे मनात ठेवून मी भाचीची वही पुन्हा वाचली. जुन्नरची मुलगी पहिल्याच प्रकरणात सर्वांना हरवत होती आणि हॅरी कडेला उभा राहून टाळ्या वाजवीत होता. मी म्हणालो, "ही चोरी नव्हे. पण तू हिला त्याच्या जागी बसवलेस. हिची स्वतःची जागा कोणती?"

"म्हणजे काय, मामा?"

"पहिल्या दिवशी, एवढ्या परक्या पोरांत, ती डबा कोणाजवळ बसून खाते?"

ती बराच वेळ गप्प राहिली आणि वही घेऊन गेली. अजून तिने ती मला परत दाखवलेली नाही.