नुसते विचारले, एवढेच

शाळेने मुलाला प्रवेश नाकारला, तर अन्याय उघड दिसतो. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा करून कागदपत्रांविना देशात आलेल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा बंद केला. तिथल्या टायलर शहरातल्या शाळांनी त्यांच्याकडे वर्षाला हजार डॉलर फी मागितली. १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, हे घटनाबाह्य ठरवले. आईबापांनी सीमा ओलांडली म्हणून लेकरांना शिक्षा नको, हा त्या निकालाचा गाभा.

पण नाकारायचे नाहीच, नुसते विचारायचे असेल तर?

अलाबामाने २०११ मध्ये तेच केले. एचबी ५६ कायद्याच्या कलम २८ नुसार नव्या मुलाचा जन्म कुठला, त्याचे आईवडील बेकायदा राहतात का, हे शाळेने तपासायचे. पुरावा आला नाही, तर मूल बेकायदा धरून मोजायचे. युक्तिवाद साळसूद होता: प्रवेश सर्वांना आहे, नावे जाहीर होणार नाहीत, हा केवळ हिशेब. सप्टेंबरअखेर संघीय जिल्हा न्यायालयाने कलम लागू होऊ दिले आणि काही दिवसांतच सुमारे दोन हजार हिस्पॅनिक मुले शाळेत आली नाहीत. कलम फक्त नव्या प्रवेशांपुरते होते. घरी बसलेली मुले आधीच पटावर होती!

त्यांच्या पालकांची ही भीती अडाणी म्हणता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी जपणारा संघीय कायदा १९७४ पासून आहे, पण न्यायालयाचा आदेश आला की दप्तर उघडावे लागते. जे लिहिलेच नाही, ते मात्र कुणी मागू शकत नाही. शाळेला लागते ते मुलाचे वय, राहण्याचा पत्ता, लसीकरण. एच-१बी व्हिसावरची मराठी आई जन्मदेशाचा रकाना सहज भरेल. तिच्या निर्धास्तपणावरून प्रश्न निरुपद्रवी ठरत नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये अपील न्यायालयाने कलम २८ घटनाबाह्य ठरवले: विचारण्यानेही शिक्षणाचा हक्क अडतो. तरी इंग्लंडने २०१६ मध्ये शालेय गणनेत राष्ट्रीयत्व विचारलेच. अनेक पालकांनी उत्तरे द्यायचे नाकारले, आणि २०१८ मध्ये सरकारने तो प्रश्न काढून टाकला.